हाताची घडी कोण सोडतं?

गुडघा फुटला की आपण आधी इकडेतिकडे बघतो. कोणी बघत असेल तर भोकाड पसरायचं, कोणी नसेल तर पँट झटकून पुन्हा पळायचं. हे ठरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात गुडघ्यातलं दुरुस्तीचं काम सुरूसुद्धा झालेलं असतं. जखम धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरली की थोड्याच मिनिटांत रक्त थांबतं.

दाबण्याने मदत होते, पण रक्त थांबवणाऱ्या खऱ्या कारागीर रक्तातच असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हटलेलं असतं. डेंग्यूची साथ आली की मात्र गल्लीभर एकच नाव ऐकू येतं, प्लेटलेट. "अहो, त्याच्या प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्यात!" असं काळजीच्या आवाजात बोलणारे काका तुम्हीही ऐकले असतील. आपणही प्लेटलेटच म्हणू.

प्लेटलेट दिसायला अगदीच किरकोळ. एक चपटी चकती, रुंदी २ ते ३ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरच्या अंतरात साधारण चारशे जणी ओळीने मावतील. तिला केंद्रक नसतं. खरं सांगायचं तर ती पूर्ण पेशीसुद्धा नाही, पेशीचा तुकडा आहे. हाडांच्या आत, अस्थिमज्जेत, मेगॅकॅरिओसाइट नावाच्या धिप्पाड पेशी असतात. त्या शेजारच्या रक्तवाहिनीत आपले लांबलांब फाटे घुसवतात आणि त्या फाट्यांचे तुकडे पडून रक्तात वाहू लागतात. प्लेटलेटचं हे जन्मरहस्य बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली ओळखलं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट तयार होतात. रोज एवढ्या लागतात, कारण त्या जगतात फक्त ७ ते १० दिवस. आज तुमच्या अंगात फिरणारी एकही प्लेटलेट पुढच्या महिन्यात तुमच्याबरोबर नसेल.

त्या करतात काय, हे पहिल्यांदा नीट पाहिलं जूलिओ बित्झोझेरो यांनी, १८८२ साली, इटलीतल्या तुरीन शहरात. त्यांनी जिवंत गिनीपिगच्या पोटातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. वाहिनीच्या भिंतीला इजा झाली, की तिथे लाल किंवा पांढऱ्या पेशींच्याही आधी या इवल्या चकत्या येऊन चिकटतात आणि एकमेकींना धरून ढीग करतात, असं त्यांना दिसलं. तोवर अनेकांना हे कण म्हणजे रक्तातला कचरा वाटत होता!

आता जरा थांबा आणि उलटा विचार करा. प्लेटलेट चिकटतात यात नवल नाही. नवल हे, की एरवी त्या चिकटत नाहीत. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. दिवसरात्र भिंतींना घासत, एकमेकींवर आपटत त्या धावत असतात. कारण नसताना चिकटू लागल्या, तर हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत गुठळी अडकेल आणि मोठाच घोटाळा होईल. म्हणून वर्गात बाई आत आल्या की आपण जसे बसतो, हाताची घडी तोंडावर बोट, तशा या प्लेटलेट गप्प असतात. गंमत म्हणजे त्यांच्या पोटात खरोखरच अशी घडी घातलेलं एक प्रथिन असतं. त्याच्याकडे येतोच. आधी जखम बघू.

रक्तवाहिनीला आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. ते फाटलं की खालचे कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. जवळून जाणाऱ्या प्लेटलेट त्यांना अडकतात आणि काही सेकंदांत त्यांचं रूपच पालटतं. चपटी चकती फुगते, गोल होते, अंगावर काटे फुटतात. पोटातले दाणे फुटून त्यातली रसायनं बाहेर पडतात. त्यातलं एक म्हणजे एडीपी. या एडीपीचा वास (नाक नसलं तरी वासच म्हणू या) लागला, की शेजारून जाणाऱ्या प्लेटलेटही जाग्या होतात. त्यांनी आपले दाणे फोडले, की आणखी शेजारणी जाग्या.

जागं झाल्यावर एकमेकींना धरायचं कसं? प्रत्येक प्लेटलेटच्या अंगावर इंटिग्रिन नावाचं पकडणारं प्रथिन असतं. एक-दोन नव्हे, एकेकीवर सुमारे ८०,००० नग! गप्प प्लेटलेटवर ते मिटलेलं असतं. जागी झाली की ते उघडतं आणि रक्तद्रवात तरंगणारं फायब्रिनोजेन पकडतं. फायब्रिनोजेन लांबट असतं, त्याला दोन्ही टोकांकडून धरता येतं. एक टोक हिच्याकडे, दुसरं तिच्याकडे. अशा हजारो जणी जोडल्या गेल्या की झाला बोळा. शास्त्रज्ञ याला प्लेटलेटचं समूहन म्हणतात. काही माणसांत हे इंटिग्रिन जन्मतःच नसतं किंवा बिघडलेलं असतं. त्यांच्या प्लेटलेट मोजल्या तर भरपूर भरतात, पण कोणी कोणाला धरत नाही आणि छोट्या जखमेतूनही रक्त वाहत राहतं. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ट ग्लान्झमान यांनी १९१८ साली हा आजार ओळखला. प्लेटलेट नुसत्या असून भागत नाही, हे त्यावरून कळलं.

पण प्लेटलेटच्या आत हा सगळा हुकूम पोचतो कसा? तिला केंद्रक नाही, म्हणजे जनुकांची पोथी उघडून "आता अमुक प्रथिन बनव" असं सांगायची सोय नाही. आणि असती तरी वेळ कुठे आहे? काम सेकंदांत उरकायचं आहे. तेव्हा जी प्रथिनं आधीपासून आत आहेत, त्यांनाच चालू किंवा बंद करायचं.

हे करण्याची शरीराची आवडती युक्ती म्हणजे फॉस्फेट. एक फॉस्फरस, त्याच्याभोवती चार ऑक्सिजन, एवढासा रेणू. पण त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो प्रथिनाला चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की कामही बदलतं. फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. माणसात ती पाचशेहून जास्त प्रकारची आहेत. आणि चिकटवलेलं फॉस्फेट काढून टाकणारी विकरं म्हणजे फॉस्फटेज.

या फॉस्फटेजची मला जरा दया येते. कारण त्याचा शोध आधी लागला, पण तो कसला शोध आहे हेच कोणाला कळलं नाही! झालं असं, की अमेरिकेत सेंट लुइसला गर्टी आणि कार्ल कोरी हे पती-पत्नी स्नायूंतल्या एका विकराचा अभ्यास करत होते. त्याची दोन रूपं होती, एक कामसू आणि एक आळशी. १९४०च्या दशकात त्यांना स्नायूत असं काहीतरी सापडलं, जे कामसू रूपाला आळशी करून टाकत होतं. ते त्याच्यावरून काहीतरी काढून घेतंय, असा त्यांचा अंदाज. तो बरोबर होता, पण काय काढून घेतंय ते चुकलं. त्यांना वाटलं भलताच रेणू, आणि होतं फॉस्फेट. कोरी पती-पत्नींना १९४७ साली साखरेच्या रसायनावरच्या कामासाठी नोबेल मिळालं, पण हे कोडं तसंच राहिलं.

ते सुटलं १९५५च्या सुमारास, सिअ‍ॅटल शहरात. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे दोघं तेच स्नायूचं विकर वेगळं काढत होते. जुन्या कृतीत स्नायूचा रस गाळणकागदातून गाळायचा असे. या दोघांनी तो कागद टाळला, तर हाती फक्त आळशी रूप लागलं! एका कागदाने एवढा फरक? खोदून पाहिलं तर कागदात थोडं कॅल्शियम होतं, आणि त्या कॅल्शियममुळे रसातलं एक विकर जागं होऊन फॉस्फेट चिकटवत होतं. फॉस्फेट लावलं की चालू, काढलं की बंद. या कामासाठी दोघांना १९९२ साली नोबेल मिळालं.

इथून एक समजूत पक्की होऊन बसली. कायनेज म्हणजे हुकूम सोडणारा मोठा साहेब, आणि फॉस्फटेज म्हणजे कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणारा. साहेबांवर शेकडो प्रयोग झाले, खुर्च्यावाल्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. प्लेटलेटच्या बाबतीतही तेच. पण ही समजूत खरी असेल, तर खुर्च्या उचलणाऱ्याला अडवलं की काय व्हावं? चिकटवलेली फॉस्फेटं तशीच राहावीत आणि प्लेटलेट जास्तच चिकटाव्यात. करून बघायला काय हरकत आहे?

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. प्लेटलेट किती गोळा झाल्या ते मोजायचं यंत्र, आणि फॉस्फटेजला अडवणारं औषध.

यंत्र बनवलं गुस्ताव बॉर्न यांनी. हे मॅक्स बॉर्न या प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञांचे चिरंजीव. (मॅक्स बॉर्न १९३५-३६मध्ये काही महिने बंगळूरला, सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून येऊन राहिले होते.) हिटलरच्या राज्यात ज्यूंना जगणं कठीण झालं, तेव्हा १९३३ साली या कुटुंबाने जर्मनी सोडली. गुस्ताव तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे ते डॉक्टर झाले, ब्रिटिश सैन्यात गेले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना हिरोशिमाचे रुग्ण बघायला मिळाले. अणुबाँबच्या किरणोत्साराने अस्थिमज्जा जळून गेलेली माणसं. त्यांच्या अंगात नव्या प्लेटलेट तयारच होत नव्हत्या आणि रक्तस्राव थांबत नव्हता. प्लेटलेटचं महत्त्व तिथे त्यांच्या मनात ठसलं.

१९६२ साली लंडनमध्ये त्यांनी जे यंत्र बनवलं, ते इतकं साधं की आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं. रक्तातल्या लाल पेशी बाजूला काढल्या की उरतो प्लेटलेटने भरलेला गढूळ पिवळसर द्रव. त्याची काचेची नळी शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर ठेवायची, ढवळत राहायची आणि एका बाजूने उजेड सोडायचा. द्रव गढूळ असेतो उजेड पलीकडे फारसा पोचत नाही. मग एडीपीचा थेंब टाकायचा. प्लेटलेट गोळा होऊ लागतात, त्यांच्यामधली जागा मोकळी होते आणि उजेड आरपार जायला लागतो. किती उजेड आला, त्याची रेघ कागदावर चढत जाते. बॉर्न यांना आणखी एक गोष्ट दिसली. चढलेली रेघ पुन्हा उतरूही शकते, म्हणजे गोळा झालेल्या प्लेटलेट पुन्हा सुट्या होऊ शकतात. जगभरच्या मोठ्या प्रयोगशाळांत आजही हीच पद्धत वापरतात.

आणि औषध? ते आलं समुद्रातून. जपानच्या किनाऱ्यावर हॅलिकाँड्रिया ओकाडाई नावाचा काळा स्पंज सापडतो. त्यातून १९८१ साली ओकाडाइक आम्ल वेगळं काढलं गेलं. (ते खरं तर स्पंजचं नाही, समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचं. हे शैवाल शिंपल्यांच्या पोटात जातं, ते शिंपले माणसाच्या पोटात जातात आणि मग माणूस दोन-तीन दिवस घराबाहेर पडायचं नाव काढत नाही.) हे आम्ल काही फॉस्फटेजना जागच्या जागी अडवतं.

१९९०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी माणसाच्या प्लेटलेटना असली औषधं दिली आणि मग थ्रॉम्बिन टाकलं. थ्रॉम्बिन म्हणजे प्लेटलेटना जागं करणारी जबरदस्त हाक. अपेक्षा काय होती? प्लेटलेट दुप्पट जोमाने धावतील. झालं उलटंच. त्या नेहमीसारख्या गोळाच होईनात!

म्हणजे फॉस्फेट काढणं हे नुसतं आवरासावर करणं नव्हतं. प्लेटलेट जागी होण्यासाठी काही फॉस्फेटं निघावीच लागत होती.

आता ती घडी. प्लेटलेटच्या आतल्या बाजूला, इंटिग्रिनच्या शेपटाजवळ, सार्क नावाचं एक कायनेज असतं. (देशांच्या संघटनेशी याचा काही संबंध नाही.) हा पठ्ठ्या जागा झाला की पटापट इतर प्रथिनांना फॉस्फेटं चिकटवत सुटतो, आणि मग प्लेटलेट पसरते, पकड घट्ट करते. म्हणून एरवी त्याला बांधून ठेवावं लागतं. बांधायचं कसं, तर त्याच्याच शेपटाला एक फॉस्फेट लावून. हे फॉस्फेट त्याच्याच अंगाच्या दुसऱ्या भागाला जाऊन चिकटतं आणि सार्क स्वतःभोवती दुमडून बसतो. हाताची घडी पक्की! फॉस्फेट लावलं म्हणजे चालू, हा आपला नियम इथे उलटा पडला. इथे फॉस्फेट लावलं म्हणजे बंद.

मग घडी सोडायची कोणी? अर्थात फॉस्फटेजने. २००५ साली ज्या फॉस्फटेजने हे केलेलं दिसलं, त्याचं नाव पीटीपी-१बी. बाहेर इंटिग्रिनने फायब्रिनोजेन पकडलं, की आत पीटीपी-१बी सार्कजवळ येतं आणि शेपटावरचं ते एक फॉस्फेट काढून टाकतं. सार्क उलगडतो, कामाला लागतो. ज्या उंदरांच्या शरीरात पीटीपी-१बी मुळातच नव्हतं, त्यांच्या प्लेटलेटमधला सार्क नीट जागा झाला नाही आणि त्यांच्या बारीक वाहिन्यांत गुठळीही नीट जमली नाही. २००९ साली आणखी एक असंच विकर पुढे आलं, सीडी-१४८. हे प्लेटलेटच्या कवचातच रुतून बसलेलं असतं. तेही नसलं की प्लेटलेट मंद पडतात. म्हणजे साहेबांना उठवणारा कोण निघाला? खुर्च्यावालाच!

पण लगेच "फॉस्फटेज म्हणजे जागं करणारे" असं वहीत लिहू नका, कारण सगळे फॉस्फटेज एका पंक्तीतले नाहीत. पीपी-२ए नावाच्या फॉस्फटेजचा स्वभाव निराळा. आठवतात त्या धिप्पाड मेगॅकॅरिओसाइट? त्यांच्यातलं पीपी-२ए कमी करून बघितलं, तर इंटिग्रिनची फायब्रिनोजेनवरची पकड उलट वाढली. म्हणजे हे महाशय शांत करणारे. प्रथिनावर फॉस्फेट चिकटायच्या जागाही वेगवेगळ्या असतात. पीटीपी-१बी एका प्रकारच्या जागेवरून काढतं, पीपी-२ए दुसऱ्या. कोणतं प्रथिन, त्यावरची कोणती जागा आणि वेळ कोणती, यावर सगळा हिशेब ठरतो.

आणि सगळ्यात मजेशीर भानगड प्लेटलेट आकार बदलते तेव्हाची. आठवतंय ना, चकतीची गोल काटेरी प्लेटलेट होते? त्यासाठी आतलं मायोसिन आकसावं लागतं. (तुमच्या दंडाची बेटकुळी काढतं तेही मायोसिनच.) प्लेटलेटमधल्या मायोसिनवर फॉस्फेट बसलं की ते आकसतं, आणि एक फॉस्फटेज ते काढून त्याला सैल करत राहतं. जखमेच्या वेळी हे सैल करणं परवडणारं नसतं. मग या फॉस्फटेजला थांबवतात कसं? त्याच्याच अंगावर एक फॉस्फेट चिकटवून! दुसऱ्यांची फॉस्फेटं काढणारा स्वतःच्या अंगावरच्या फॉस्फेटने गप्प होतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, "मग नको असलेल्या गुठळ्या थांबवायला पीटीपी-१बी अडवणारी गोळी काढा की!" प्रश्न रास्त आहे. पण पीटीपी-१बी फक्त प्लेटलेटमध्ये नसतं. ते यकृतात असतं, स्नायूंतही असतं, आणि तिथे इन्सुलिनचा निरोप मंद करण्याचं काम करतं. पीटीपी-१बी नसलेल्या उंदरांना तेलकट-तुपकट खाणं दिलं तरी ते फारसे जाड होत नाहीत, असं १९९९ साली दिसलं होतं. गुठळीसाठी दिलेली गोळी शरीरात आणखी कुठे कुठे काय काय करील, याचा विचार आधी करावा लागतो. एकच विकर दहा ठिकाणी नोकरीला असलं की औषध बनवणाऱ्यांचं डोकं दुखतं.

म्हणून हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना डॉक्टर अजूनही जुनंच अ‍ॅस्पिरिन देतात. ते प्लेटलेटमधलं दुसरं एक विकर कायमचं निकामी करतं. केंद्रक नसल्याने प्लेटलेट त्या विकराचा नवा साठा करू शकत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, तशीच राहते. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन देत नाहीत ते याच कारणाने. आधीच प्लेटलेट कमी, त्यात उरलेल्याही निकामी करायच्या म्हणजे संकटाला आवतण. तेव्हा ताप आला की घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी मनाने घ्यायची नाही, आईला किंवा बाबांना विचारायचं.

प्लेटलेटना गप्प ठेवायची कसरत रक्तपेढीतही चालते. दान केलेल्या लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर टिकतात. प्लेटलेट मात्र थंडीत ठेवल्या की आकार बदलतात, आणि अशा प्लेटलेट रुग्णाला दिल्या तर त्याचं शरीर त्या लगेच बाहेर काढतं. म्हणून त्यांच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात, त्याही एका यंत्रावर, जे त्यांना रात्रंदिवस हलकेच हलवत असतं. एवढं करून त्या टिकतात साधारण पाच दिवस. डेंग्यू वाढला की रक्तदानाचं आवाहन वारंवार होतं त्याचं हे एक कारण. जूनमध्ये जमवलेल्या प्लेटलेट ऑगस्टच्या रुग्णाला देता येत नाहीत.